फुटलेले सनरूफ : काच किती, काम किती?

मोटारीच्या छताला काचेची खिडकी असणे ही पंधरा-वीस वर्षांपूर्वी फक्त मोठ्या घरची बाब होती. आता तसे राहिलेले नाही. २०२२ साली आलेल्या ब्रेझात मारुतीने सनरूफ दिले, २०२३ साली ह्युंदाईच्या एक्स्टरसारख्या लहान गाडीतही ते आले आणि क्रेटा, नेक्सॉन, सोनेट या गाड्या तर यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड अशा कोणत्याही गावच्या बाजारपेठेत उभ्या दिसतात. कापसाचे अडते, किराण्याचे ठोक दुकानदार, ठेकेदार, डॉक्टर अशा साऱ्यांच्या दारात त्या आहेत. गाड्या आल्या म्हणजे त्यांच्या दुरुस्तीचे कामही आले. परंतु हे काम आपल्या जिल्ह्यात फारसे थांबत नाही. छताची काच तडकली की गिऱ्हाईक दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरचा, नाही तर अमरावतीचा रस्ता धरते आणि तेथे खर्चाचा पहिला अंदाज ऐकून डोक्याला हात लावून बसते.

आपल्या समाजातील कितीतरी तरुण मोटार मेकॅनिक आहेत, डेंटर-पेंटर आहेत, काच बसविणारे, कुशनकाम करणारे आणि वायरिंगचे मिस्त्री आहेत. सनरूफचे काम नेमके या चार-पाच हुन्नरांच्या सांध्यावर उभे आहे. म्हणून या वेळच्या पाठात आम्ही हाच विषय घेतला आहे. ज्यांची स्वतःची अशी गाडी आहे त्या व्यापारी बांधवांनीही तो वाचावा, कारण बिल त्यांनाच भरायचे असते. आमचे सांगणे थोडक्यात असे की सनरूफच्या बिलात काच ही फक्त एक ओळ असते. बिल फुगते ते बहुतेक वेळा काय मोडले आहे हे नीट न पाहता पूर्ण संच बदलून टाकल्यामुळे.

छतात काय काय असते

वरून पाहणाऱ्याला फक्त काच दिसते. खाली मात्र एक पूर्ण यंत्र बसलेले असते. काचेभोवती रबराचे सील, काचेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचे रेल, त्यांत सरकणारे प्लॅस्टिकचे बूट, काच पुढेमागे ओढणाऱ्या दोन केबल, त्या फिरविणारी लहान मोटर, आतून ओढायचा पडदा आणि या सगळ्याला धरून ठेवणारी चौकट. कारखान्यात ही चौकट एकसंध तयार होऊन येते. कंपनीच्या यादीत तिला कॅसेट किंवा असेंब्ली म्हणतात. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना एकेक बारीक नळी असते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात आणि मागच्या दोन मागच्या खांबांतून.

या नळ्यांचे महत्त्व पुष्कळ मिस्त्रींनाही ठाऊक नसते. सनरूफचे रबर पाणी पूर्ण अडविण्यासाठी नसतेच. थोडे पाणी आत येणार हे धरूनच त्याची रचना केलेली असते. ते चौकटीच्या पन्हाळीत पडते आणि नळ्यांतून गाडीखाली निघून जाते. २०२३ सालच्या सुरुवातीला हिमाचल प्रदेशातील स्पिती भागात एका प्रवाशाने आपली नवी स्कॉर्पिओ-एन गाडी धबधब्याखाली उभी केली आणि छतातून पाणी आत पडतानाचा व्हिडिओ देशभर गाजला. कंपनीने नंतर तशाच गाडीचा व्हिडिओ काढून पाणी येत नाही असे दाखविले. कोण खरे, हा वाद आम्ही येथे उकरत नाही. मात्र धबधब्याची धार पावसासारखी नसते आणि पन्हाळीची झेप मर्यादित असते, एवढे त्यावरून कारागिराने लक्षात घ्यावे.

काच कोणती

सनरूफची काच बहुतेक गाड्यांत टफन असते, काहींत लॅमिनेटेड. टफन काच तयार करताना ती सहाशे अंशांच्या वर तापवितात आणि लगेच जोराच्या वाऱ्याने थंड करतात. त्यामुळे वरचा थर आतल्या थरावर आवळून बसतो आणि काच मजबूत होते. फुटली तर तिचे मोठे पाते होत नाही, साबुदाण्यासारखे बारीक दाणे होतात. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा असतो. समोरच्या विंडशील्डसारखी ती तडकते पण जागेवर राहते.

आपल्या काचवाल्या बांधवांनी एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कडही घासता येत नाही. तसे करायला गेले की हातातच तिचा चुरा होतो. म्हणजे दुकानातल्या मोठ्या काचेतून मापाचा तुकडा कापून सनरूफमध्ये बसविणे शक्य नाही. कोणी साधी काच कापून बसवीत असेल तर तो गिऱ्हाइकाच्या डोक्यावर सुरा टांगतो आहे. साधी काच फुटली की धारदार पाती खाली येतात आणि खाली लेकरे बसलेली असतात. काच विकत घेताना कोपऱ्यातील छाप पाहावा. आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा आकडा मोटारीच्या सुरक्षा काचेचा आहे.

काच फुटते कशाने? आपल्याकडे कारणे ओळखीची आहेत. वणी भागात कोळशाच्या ट्रकमागे गाडी चालविली की खडा उडतो. नागपूर-तुळजापूर महामार्गावर कळंब ते उमरखेड या पट्ट्यात गिट्टीचे टिप्पर असतात. वानरांची टोळी कौलावरून थेट गाडीच्या छतावर उडी घेते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात जी गारपीट झाली तशी गारपीट पुन्हा आली तर काय होईल हे सांगायला नको. उन्हाळा तर आहेच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, गाडी दिवसभर उन्हात तापते आणि मालक घरी येऊन तिच्यावर थंड पाण्याचा पाइप सोडतो. चांगली काच हे सोसते. पण कडेला आधीच बारीक टवका उडालेला असला तर त्या क्षणी ती फुटू शकते. लग्नाच्या वरातीत नवरदेवाचे मित्र छतातून अर्धे बाहेर निघून नाचतात, कडेवर बसतात. त्याने काच फुटली नाही तरी रेल वाकतात आणि रबर चेपते. हे नुकसान महिन्याभराने कुरकुर आवाजातून कळते.

कधीकधी काच काही न लागता फुटते. गिऱ्हाईक शपथेवर सांगते की गाडी सावलीत उभी होती. ते खरेही असू शकते. काच ओतताना आत राहिलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण पुढे फुगतो आणि टफन काच आपोआप फुटते, हे काचेच्या धंद्यात जुन्या काळापासून माहीत आहे. दुसरे कारण बसविण्याचे. २०१२ च्या अखेरीस ह्युंदाईने अमेरिकेत वेलोस्टर नावाच्या काही हजार गाड्या परत बोलाविल्या. कारखान्यात बसविताना छताची काच कमजोर झाली असावी आणि ती पुढे फुटू शकते, असे कारण दिले होते. एवढ्या मोठ्या कारखान्यात जे घडते ते आपल्या गॅरेजमध्ये घडणार नाही असे कोणी समजू नये. काच जमिनीवर कडेवर उभी ठेवणे, पक्कड लागणे, स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी आहेत. टफन काचेचा जीव तिच्या कडेत असतो.

रस्त्यात काच फुटली तर आधी ती उघडायचा किंवा बंद करायचा प्रयत्न करू नये. बटण दाबले की दाणे रेलमध्ये ओढले जातात आणि फक्त काचेचे असलेले काम यंत्रापर्यंत पोचते. आतला पडदा ओढून घ्यावा, वरून जाड प्लॅस्टिक टाकून रुंद चिकटपट्टीने छताच्या पत्र्याला धरावे आणि गाडी हळू चालवावी. पडदा नंतर उघडताना त्यावर साचलेले दाणे मांडीवर पडतात, तेव्हा आधी व्हॅक्यूम लावावा.

काच बदलायची की संच

गिऱ्हाइकाचे पैसे येथेच वाचतात किंवा जातात. साध्या सरकत्या सनरूफमध्ये पुष्कळ गाड्यांत काच चार ते सहा स्क्रूंनी धरलेली असते. आतली पट्टी बाजूला केली की स्क्रू दिसतात, काच वरून उचलता येते आणि छताच्या लायनिंगला हात लावावा लागत नाही. सवयीच्या माणसाला हे दोन-तीन तासांचे काम आहे, त्यातही निम्मा वेळ दाणे वेचण्यात जातो. अशा वेळी पूर्ण कॅसेट बदला असे सांगणे म्हणजे सायकलचा ट्यूब पंक्चर झाला म्हणून सायकल बदलायला लावणे होय.

कॅसेट खरोखर बदलावी लागते तेव्हा गोष्ट निराळी. रेल वाकला असेल, चौकटीला तडा गेला असेल, किंवा झाड पडून छताचा पत्राच दबला असेल तर दुसरा इलाज नाही. केबल तुटली किंवा बूट मोडला तर मात्र काही गाड्यांना त्यांचे सुटे संच मिळतात आणि काहींना मिळत नाहीत, कंपनी पूर्ण चौकटच देते. म्हणून काम घेण्याआधी त्या गाडीचा भाग सुटा मिळतो का याची चौकशी करावी. पॅनोरॅमिक म्हणजे लांबलचक छताच्या गाड्यांत पुढची काच सरकते आणि मागची बहुधा पक्की असते. ती पीयू सीलंटने चिकटविलेली असते. तिला तारेने कापून काढावे लागते, जुन्या सीलंटचा थर ठराविक जाडीपर्यंत तासावा लागतो, प्रायमर लावावा लागतो आणि नवी काच बसविल्यावर सीलंट पक्के होईपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. किती तास, ते सीलंटच्या नळीवर लिहिलेले असते. हवेतील ओलाव्यावर ते अवलंबून असल्याने एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत जास्तच वेळ द्यावा. गिऱ्हाईक घाई करते म्हणून संध्याकाळी गाडी सोडली आणि पहिल्याच खड्ड्यात काच हलली, तर दोष खड्ड्याचा नव्हे.

कॅसेट काढायची म्हणजे छताचे लायनिंग खाली घ्यावे लागते. मजुरी येथे चढते आणि ती रास्त असते. खांबांवरची आवरणे, हँडल, दिवे, सूर्यपट्ट्या, कधी पुढची सीट, सारे काढावे लागते. लायनिंग दाबलेल्या पुठ्ठ्यासारखे असते. एकदा त्याला घडी पडली की ती जात नाही आणि नवे लायनिंग हा वेगळाच खर्च उभा राहतो. आजच्या अनेक गाड्यांत याच लायनिंगच्या काठाने बाजूच्या एअरबॅगा गुंडाळून ठेवलेल्या असतात. बॅटरीची तार काढून, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबूनच त्या भागाला हात लावावा. ज्याला हे ठाऊक नाही त्याने हे काम शिकल्याशिवाय घेऊ नये. एअरबॅग तोंडावर फुटणे ही गंमत नाही.

काम संपले असे वाटते तेव्हा दोन गोष्टी उरलेल्या असतात. पहिली काचेची उंची. पुढची कड छताच्या पत्र्याच्या बरोबर किंवा किंचित खाली, मागची कड बरोबर किंवा किंचित वर असावी. फरक एक मिलिमीटरच्या आतबाहेर. पुढची कड वर राहिली तर ताशी ऐंशीला शिट्टी वाजते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभे. दुसरी गोष्ट मोटरला नवी सुरुवात शिकविण्याची. बॅटरी काढल्यावर किंवा मोटर बदलल्यावर पुष्कळ गाड्यांत मोटरला काच कोठे थांबायची हे आठवत नाही. काहींत बटण दाबून धरले की काच एक पूर्ण फेरी घेते आणि काम होते, काहींना स्कॅनर लावावा लागतो. हे केले नाही तर बोट अडकल्यावर काच मागे फिरण्याची सोय चालेलच असे नाही.

माल कोठून आणावा

गंमत अशी की हा माल आपल्याच राज्यात तयार होतो. जर्मनीची वेबास्टो ही सनरूफ बनविणारी जगातील मोठी कंपनी आहे आणि पुण्याजवळ चाकणला तिचा कारखाना आहे. सेंट-गोबेन सेक्युरिटचा मोटारीच्या काचांचा कारखानाही चाकणलाच आहे. इनाल्फा आणि गॅब्रिएल यांचा सनरूफचा कारखाना चेन्नईला आहे. पण हा माल कारखान्यातून गाडीच्या कंपनीकडे जातो, तेथून तिच्या भांडारात, मग विक्रेत्याकडे. प्रत्येक पायरीवर किंमत चढते आणि दिवस लागतात.

मागणी नोंदविताना चॅसिस नंबर द्यावाच. नुसते गाडीचे नाव आणि साल सांगून भागत नाही, कारण एकाच वर्षी एकाच गाडीत दोन प्रकारची छते येऊ शकतात. चुकीची काच आली की बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. वाहतुकीत काच फुटली तर नुकसान कोणाचे, हेही मागणी नोंदवितानाच ठरवून घ्यावे. माल आपल्या ताब्यात येईपर्यंत जोखीम विकणाऱ्याची, असे ठरवून घेतलेले बरे, आणि खोके वाहतूकवाल्याच्या समोरच उघडावे.

छोट्या गॅरेजला कंपनी अस्सल भाग देत नाही ही तक्रार जुनी आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने याच प्रश्नावर १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता आणि सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजेत असे बजावले होते. त्यावर अपिले झाली, दंडाचे पुढे बरेच रामायण झाले. तरी कारागिराने हा निर्णय माहीत असू द्यावा आणि विक्रेत्याच्या खिडकीवर भाग मागताना संकोच करू नये.

जुना भाग हा तिसरा मार्ग. मुंबईचे कुर्ला, दिल्लीचे मायापुरी या बाजारांत अपघातातल्या गाड्यांची छते निघतात. बिघाड नसलेली जुनी कॅसेट निम्म्याहून कमी खर्चात गाडी रस्त्यावर आणू शकते. मात्र पावती घेतल्याशिवाय असा भाग घेऊ नये. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर तिजारत हरामच, वर पोलीस ठाणे. जुना भाग बसविला असेल तर बिलावर 'जुना' असा शब्द लिहिला पाहिजे. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल बाहेर काढणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. रंग मारून नवा म्हणून दिलेला रेल हा त्याच राशीतला ओला दाणा आहे.

साध्या छताची गाडी आणून 'पत्रा कापून सनरूफ बसवून दे' म्हणणारे हौशी गिऱ्हाईकही भेटते. ते काम घेऊ नये. छताच्या आडपट्ट्या कापल्या की गाडी उलटताना आतल्यांना आधार राहात नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे. पुढे अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले तर पत्रा कोणी कापला हा प्रश्न येणारच.

विम्याचा हिशेब

विम्याविषयी उलेमांची मते सारखी नाहीत. तो मसला ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावा. तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण त्यातून छताची काच मिळत नाही. ज्यांच्याकडे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा आहे त्यांच्यासाठी पुढचा हिशेब आहे.

खडा, गार, वानर, झाड यांनी झालेले नुकसान विम्यात बसते. झिजून गेलेली केबल, जळालेली मोटर आणि तुंबलेल्या नळीची गळती बसत नाही. मोटार विम्याच्या नियमात घसारा प्रत्येक वस्तूला वेगळा आहे. काचेवर घसारा नाही. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकवर ५० टक्के. इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, उदाहरणार्थ तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यामागे १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये मालकाने सोसायचे असतात.

समजा गाडी साडेतीन वर्षांची, १२०० सीसीची आहे. काच १८,००० रुपये, रबर ३,०००, रेल १०,०००, मजुरी ४,०००. हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी धरले आहेत, कोणत्याही गाडीचा भाव म्हणून नव्हे. बेरीज ३५,०००. मोटारीच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, दुरुस्तीच्या मजुरीवरही १८ टक्के, म्हणजे कर ६,३०० आणि एकूण ४१,३०० रुपये. रबराचा निम्मा भाग १,५०० आणि रेलचा पाव भाग २,५०० मालकाकडे. ते झाले ४,०००, त्यावरचा कर ७२० आणि वरचे १,०००. मालकाने ५,७२० भरायचे, कंपनीने ३५,५८०. घसारा न धरणारी पॉलिसी असेल तर मालकाचा वाटा १,००० वर येतो.

एवढ्यावर खूश होऊ नये. दावा केला की नो क्लेम बोनस जातो. तीन वर्षे दावा न केलेल्याला ३५ टक्के आणि चार वर्षांनी ४५ टक्के सूट मिळते. पुढच्या वर्षीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १२,००० धरला तर ४५ टक्के म्हणजे ५,४०० रुपये हातचे गेले. त्यापुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच मिळतील, तो तोटा निराळा. तेव्हा ४१ हजारांच्या कामाला दावा करणे परवडते. फक्त रबर बदलायचे किंवा पाच-सहा हजारांचे किरकोळ काम असेल तर खिशातून केलेले स्वस्त पडते. दावा करायचा असेल तर सर्व्हेअरने पाहण्याआधी काच काढू नये. फुटल्या जागीच चार बाजूंनी फोटो घ्यावेत, तारीख-वेळ दिसेल असे.

अंदाजपत्रक लिहून द्यावे

आपल्या गॅरेजांत तोंडी भाव सांगण्याची रीत आहे. 'भाईजान, पंधरा के अंदर हो जाएगा' असे म्हणून गाडी घेतली जाते आणि तीन दिवसांनी पंचवीसचा आकडा निघतो. मग आवाज चढतात. दिव्य कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. नमाज-रोजांच्या बाबतीत काटेकोर असणारे आपण लिहिण्याच्या बाबतीत एवढे ढिले का, हे आम्हाला उमगत नाही. सनरूफच्या कामात तर लिहिण्यावाचून गती नाही, कारण आत काय मोडले आहे ते उघडल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. म्हणून अंदाज दोन टप्प्यांत द्यावा. आज दिसते ते इतके, आणि लायनिंग उघडल्यावर रेल मोडलेला निघाला तर आणखी इतके, तेही फोन करून विचारल्याशिवाय नाही. उघडून पाहण्याची मजुरी वेगळी लिहावी, म्हणजे गिऱ्हाइकाने पुढचे काम नको म्हटले तरी मेहनत फुकट जात नाही.

गाडी ताब्यात घेताना लायनिंग, डॅशबोर्ड आणि छताचा पत्रा यांचे फोटो दोघांच्या समोर घ्यावेत. अनेकांची कामे घेणाऱ्या कारागिराला फिकहमध्ये अजीर मुश्तरक म्हणतात आणि काम करताना त्याच्या हातून वस्तू बिघडली तर भरपाई त्याच्यावर येते, असे हनफी फकीह सांगतात. कापड आपटताना फाडणाऱ्या धोब्याचे उदाहरण त्यासाठी देतात. लायनिंगला पडलेली घडी तशीच आहे. ती आधीची होती की आपली, हे ठरवायला फोटो लागतो.

ज्याला हे काम नव्याने धरायचे आहे त्याने एकदम पॅनोरॅमिक छताला हात घालू नये. सुरुवात नळ्यांपासून करावी. आपल्या जिल्ह्यात या कामाला तोटा नाही. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारी सरकीची लव, वणीकडची कोळशाची भुकटी, कडुलिंबाखाली उभ्या गाडीवर पडणारी बारीक पाने, हे सारे पन्हाळीत जमते, पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो आणि पाणी लायनिंगवरून सीटवर उतरते. गिऱ्हाईक समजते सनरूफ गेले. भरमसाठ बिल लावायला ही चांगली संधी आहे आणि रबर बदलून, सिलिकॉन फासून ती साधणारेही आहेत. सिलिकॉनने काच कायमची चिकटते आणि पाणी तरीही येतेच.

खरे काम असे. काच उघडावी, पन्हाळ ओल्या फडक्याने पुसावी, प्रत्येक कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूच ओतावे आणि गाडीखाली ते कोठे पडते ते पाहावे. जे कोपरे रिकामे होत नाहीत त्यांची नळी तुंबलेली. गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉनची दोरी टोक गोल करून तीत हळूहळू घालावी. लोखंडी तार घालू नये, नळी फाटते. कॉम्प्रेसरचा जोरदार वाराही मारू नये, खांबाच्या आत नळीचा सांधा सुटला तर तो बसवायला पुन्हा लायनिंग उतरवावे लागते. नळी मोकळी झाल्यावर रेल पुसून कंपनीने सांगितलेले ग्रीस पातळ लावावे. इंजिन ऑइल लावले तर धूळ धरते. शेवटी पुन्हा अर्धा पेला पाणी, या वेळी गिऱ्हाइकाला शेजारी उभे करून. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गॅरेजबाहेर एक पाटी लावावी, 'पावसाआधी सनरूफची नळी तपासून मिळेल', आणि खाली दर लिहावा.